चिमट्याची बोटं

बाजारात त्याला चिमटा म्हणत. खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण पाटीवर इतक्या वर्षांचा धूर बसला होता की ते वाचायच्या भानगडीत कुणी पडत नसे. इंजिनाच्या पोटात पडलेला वायसर असो, नाहीतर कार्ब्युरेटरमधली केसाएवढी स्प्रिंग असो, त्याची दोन बोटं आत गेली की वस्तू घेऊनच बाहेर यायची. तो तिकडे बघायचाही नाही. ग्राहकाशी गप्पा मारत, भलतीकडे तोंड करून काम चालायचं. ‘याचे डोळे बोटांत आहेत’ असं शेजारचा वेल्डर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा.

सुरुवात शिलाई मशिनांपासून झाली होती. तरुणपणी हत्यारांची पेटी घेऊन तो दारोदार फिरायचा. एका घरचं मशीन महिन्यात तीनदा बिघडलं. तिसऱ्या खेपेला त्याच्या लक्षात आलं की मशीन ठणठणीत आहे, कुणीतरी मुद्दाम आत दोरा कोंबतंय. दोरा कोंबणारी पुढे त्याची बायको झाली. मग तो मोटरसायकलींकडे वळला, आणि त्यातही जुन्या, दोन सिलिंडरच्या गाड्यांकडे. नव्या गॅरेजवाले त्या गाड्यांना लांबूनच हात जोडायचे. टायरच्या दुकानामागच्या गल्लीत त्याचं शटर होतं, वर दोन खोल्या. वरच्या खिडकीशी बायको लोकांचे कपडे शिवायची. खाली पाना फिरवताना डोक्यावर मशीन धडधडत असायचं. असा तीस वर्षांचा संसार.

बोटं जायला लागली ती टोकांपासून. थंडीत होतात तशी बधीर झाली, आणि थंडी सरली तरी तशीच राहिली. एकदा तापलेल्या सायलेन्सरला तीन बोटं टेकली, आणि ते त्याला कळलं वासावरून. तेव्हा मात्र तो दवाखान्यात गेला. डॉक्टर म्हणाले, ‘इतकी वर्षं ग्राइंडरची थरथर, त्यात अंगात साखर. नसा गेल्यात. उरल्यात त्या सांभाळा.’ औषधांचा कागद त्याने हत्यारांच्या खणात सगळ्यात खाली सारला आणि कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. मूठ उघडली तर चिमट्याकडे कोण येणार होतं?

तो काम बघून करू लागला. चष्म्याचा नंबर वाढलाय असं सांगितलं. लोहचुंबकाची दांडी घेतली, डोक्याला बांधायचा दिवा घेतला. नटाचे आटे नीट बसलेत का, ते तो आता फेरे मोजून ठरवायचा. कामं दुप्पट वेळ खाऊ लागली. लोक म्हणाले, वय झालं.

त्याला याचं दुःख होत होतं म्हणावं, तर तसंही नाही. त्याच वर्षी त्याचा थोरला भाऊ वारला. निरोप आल्याबरोबर तो गेला, चार ठिकाणी फोन केले, कागदपत्रं केली, वहिनीजवळ बसून राहिला. घरी परतून जेवताना त्याच्या ध्यानात आलं की दिवसभरात आपल्याला काहीच वाटलेलं नाही. पाठीवर बसवून ज्याने पोहायला शिकवलं तो भाऊ. त्याने थोडी वाट पाहिली. मग ताट उचलून ठेवलं. दुसऱ्या दिवशी वेळेवर शटर उघडलं.

अशाच दिवसांत एका सकाळी गुरांची डॉक्टरीण गाडी घेऊन आली. वय सत्तरीपलीकडे, पायात गुडघ्यापर्यंत बूट. तिच्या दोन सिलिंडरच्या मोटरसायकलीने आसपासच्या प्रत्येक गोठ्याची वाट तुडवली होती. गाडी त्याच्याखेरीज कुणाच्या हाताला लागलेली नव्हती.

“खोकतेय,” ती गाडीवरून उतरत म्हणाली.

“कधी, बाई?”

“उतारावर मूठ सोडली की. फाटफाट करते. गावातली कुत्री मागे लागतात.”

तो वाकला. इंजिनाच्या हेडमधून धुराचा पाइप जिथे बाहेर पडतो, तिथे दोन्ही बाजूंना काजळीचा काळा पट्टा उमटला होता. “गॅस्केट गेल्यात. दोन्हीकडच्या.”

“मग घाल नव्या. मी बसते इथेच.”

“दुपार मोडेल तुमची.”

“म्हैस अडली की रात्र रात्र बसलेय मी. दुपारचं काय घेऊन बसलास.” तिने स्टूल ओढलं.

हे काम तसं त्याच्या हातचा मळ. गॅस्केट म्हणजे लहान मुलाच्या बांगडीएवढी तांब्याची कडी. हेडचं तोंड आणि पाइप यांच्यामध्ये ती बसवायची आणि बाहेरून दोन नट आवळायचे. कडी चेपली जाते आणि धुराची वाट बंद होते. त्याने गंजलेल्या नटांवर तेल सोडलं, इंजिन थोडं तापवलं, पुन्हा तेल सोडलं. चारही नट सरळ सुटले. पाइप उतरले. जुन्या कड्या काजळीने इतक्या माखल्या होत्या की हेडचाच भाग वाटाव्यात. पूर्वी काजळी कुठली आणि तांबं कुठलं हे तो नखाने सांगायचा. आता त्याने आरसा धरला, दिवा धरला, आणि अर्धा तास लावून आकडीने त्या उकरून काढल्या. नव्या कड्या पडू नयेत म्हणून बोटभर ग्रीस लावून त्या जागेवर चिकटवल्या. त्यातली एक दोनदा खाली पडली. डॉक्टरीण स्टुलावरून बघत होती.

उजवी बाजू बसली. डाव्या बाजूला त्याने दोन्ही नट आळीपाळीने, अर्धा अर्धा फेरा आवळायला घेतले. आवळताना एक क्षण असा येतो की घट्ट होत चाललेला पाना हाताला अचानक मऊ लागतो. त्याआधीच थांबायचं असतं. कारण मऊ होतोय तो नट नसतो, नट ज्यावर फिरतो तो आतला आट्यांचा दांडा, स्टड, ताणला जात असतो. तीस वर्षं तो त्या क्षणाच्या अलीकडेच थांबत आला होता, न चुकता. आज तो क्षण आला आणि गेला, आणि त्याच्या हाताला त्याचा पत्ताच लागला नाही.

टक्कन आवाज झाला. नटासकट अर्धा स्टड पान्यात राहिला, अर्धा हेडमध्ये.

त्याने तो तुकडा बाकावर ठेवला. हात पुसले. “स्टड तुटला,” तो म्हणाला. आवाज असा, जणू चहा गार झाल्याचं सांगतोय.

“ते दिसलं,” डॉक्टरीण म्हणाली. “कधीपासून आहे हे?”

“काय?”

“मघा तो पाइप गरम होता. तू चार बोटांनी धरलास. मी हात लावून पाहिला, मला धरवला नाही.” ती उठली, भिंतीवरच्या कॅलेंडरची टाचणी काढली. “हात इकडे कर. डोळे मीट. टोचलं की सांग.”

तो डोळे मिटून उभा राहिला. काहीच होत नव्हतं, म्हणून काही बोलला नाही. मनगटापाशी आल्यावर म्हणाला, “हं.” डोळे उघडले तेव्हा बोटांवर रक्ताचे पाच ठिपके होते.

“गायीचं बरं असतं,” डॉक्टरीण टाचणी परत लावत म्हणाली. “खुराला काही झालं की लंगडते, चारचौघांत. माणूस लपवतो. जेवतोस का?”

“जेवतो.”

“झोप?”

“येते.”

“रडायला येतं कधी?”

“नाही.”

“हसू?”

त्याने आठवून पाहिलं. “वेल्डर काहीबाही सांगतो तेव्हा.”

“तो शेजारधर्म झाला,” ती म्हणाली, आणि जिन्याकडे तोंड करून तिने त्याच्या बायकोला हाक मारली. “खाली या हो जरा.”

मशीन थांबलं. गळ्यात टेप अडकवलेली बायको खाली आली. तो जमिनीवरच्या तेलाच्या डागाकडे बघत राहिला.

“यांची बोटं...” डॉक्टरिणीने सुरुवात केली.

“माहीत आहे,” बायको म्हणाली. “दोन वर्षं झाली.”

त्याने मान वर केली. “कुणी सांगितलं तुला?”

“तुमच्या शर्टांनी. सकाळी बटणं लागायची नाहीत तुम्हाला, पाठ करून खटपट करायचात. मी एकेक करून सगळ्या शर्टांची काजं मोठी केली, बटणंही मोठी लावली.”

“बोलली नाहीस.”

“तुम्ही बोलाल म्हणून थांबले.”

त्याने अंगातल्या शर्टाकडे पाहिलं. बटणं खरंच कोटाला लावतात तेवढाली होती. दोन वर्षं रोज लावत होता आणि दिसली नव्हती. आता आपल्याला लाज वाटायला हवी, असं त्याला वाटलं. निदान हलकं तरी. त्यातलं काही आलं नाही. कान मात्र तापले होते, एवढं त्याला कळलं.

“आता माझ्या गाडीचं काय?” डॉक्टरीण म्हणाली.

वेल्डर आला. हेडबाहेर डोकावणाऱ्या तुकड्यावर त्याने एक जुना नट वेल्ड केला आणि निवू दिला. मग तो धरून फिरवल्यावर तुटका स्टड निमूट बाहेर आला. चिमट्याने आटे साफ करून नवा स्टड लावला, नवी कडी बसवली. आणि पाना हातात घेऊन तो तसाच उभा राहिला.

“द्या इकडे,” बायको म्हणाली.

“तुला नाही जमायचं.”

“दोन माणसं बघतायत. नाही जमलं तर तेही बघतील.”

तिने पाना लावला. तो शेजारी बसला. “अर्धा फेरा. आता दुसऱ्याला अर्धा. परत पहिला.” तो सांगेल तसं ती करत होती, पण हाताला काय लागतंय ते तिलाच ठाऊक होतं. “जड होतंय,” ती म्हणाली. “अजून जड.”

“सावकाश. दोरा ओढताना तुटायच्या आधी हाताला सैल लागतो, माहीत आहे ना?”

“हं.”

“त्याच्या अलीकडे थांबायचं.”

ती पाव फेरा पुढे गेली आणि थांबली. “बस. याच्या पुढे मी नाही जाणार.”

गाडी एका लाथेत सुरू झाली. आवाज भरीव होता, कुठे फुसफुस नाही. बायकोने जोडापाशी दोन्हीकडे तळहात धरून पाहिला आणि मान हलवली. इंजिन तापल्यावर नट पुन्हा एकदा पाहायचे असतात, तेही तिनेच पाहिले. डॉक्टरीण गाडीवर बसली. “दवाखान्यात जा,” ती त्याला म्हणाली. “गुरांच्या नव्हे.” आणि गेली.

पुढच्या महिन्यात त्याने ग्राहकांना स्वतःच सांगितलं. काही जण हळहळले आणि दुसरीकडे गेले. काही राहिले. बायको दुपारी दोन तास खाली येऊ लागली; आवळायची कामं तो त्या वेळेसाठी राखून ठेवायचा. तिच्या शिलाईला उशीर होऊ लागला, तेव्हा गिऱ्हाइकांचे शब्द ती ऐकून घ्यायची. कधी कधी ती त्याच्यावर चिडायचीही. तो ऐकून घ्यायचा.

दवाखान्यातही गेला. गोळ्या बदलल्या. डॉक्टर म्हणाले, आहे त्याच्यापुढे वाढू नये एवढं बघू. मनाच्या डॉक्टरकडे जायची चिठ्ठीही दिली. ती त्याने या वेळी बायकोच्या हातात ठेवली.

“कधी जायचं?” तिने विचारलं.

“तू म्हणशील तेव्हा.”

“मंगळवारी जाऊ.”

“बरं,” तो म्हणाला, आणि समोरच्या गाडीची टाकी उतरवायला घेतली.