प्रार्थनेचा चौथा विषय

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, असं आई म्हणायची. मला ते कधी पटलं नाही. मी चहाड्या करणारी बाई नव्हतेच मुळी, मी प्रार्थना करणारी बाई होते. हा फरक मी पुष्कळ वर्षं जपून ठेवला.

नव्वदच्या दशकात नवऱ्याची बँकेतली बदली लखनौला झाली आणि आम्ही सरोजिनी नगरात दोन खोल्या घेतल्या. मी नगरची, कॉलेजात खो-खो खेळलेली. लग्नाआधी खेळातून सुवार्ता सांगण्याचं दहा दिवसांचं शिबिर केलं होतं आणि तेव्हापासून डोक्यात एकच भुंगा, मुलींचा संघ काढायचा. लखनौच्या त्या भागात मराठी ख्रिस्ती मंडळींची आठ-दहा घरं होती, बहुतेक एअरफोर्समधली. त्यातल्या एका सार्जंटनी कॉलनीमागचं मैदान मिळवून दिलं. घरोघरी जाऊन 'सिस्टर चांगल्या आहेत, मुलींना पाठवा' म्हणून सांगितलं, आणि स्वतःची एकोणीस वर्षांची मुलगी सगळ्यांत आधी पाठवली. त्या माणसाच्या शब्दावर माझं सगळं काम उभं होतं. हे मी कधी विसरले नाही. विसरले असते तर बरं झालं असतं.

मध्यंतरात मुलींना गोल बसवून मी तीन मिनिटं बोलायचे. शिबिरात तसंच शिकवलं होतं, तीनच मिनिटं, घाम सुकायच्या आत. माझं लाडकं वाक्य ठरलेलं होतं. देवाची इच्छा असेल तर दार उघडतं, नसेल तर बंद राहतं, आपण कुरकुर करायची नाही. मुली पाणी पीत ऐकायच्या. मला वाटायचं, वा, काय बोलले मी.

सार्जंटची मुलगी खेळायची मात्र जीव ओतून. खांबाला वळसा घालताना सगळ्यांचा वेग मरतो, हिचा मरायचा नाही. हे शिकवून येत नाही. मला तिचा हेवाही वाटायचा थोडा, खोटं कशाला बोलू.

एका संध्याकाळी आम्ही दोघी चुन्याने रेघा आखत होतो. ती एकदम म्हणाली, तिने परगावच्या शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजचा फॉर्म भरलाय, घरी न सांगता. घरी लग्नाची बोलणी चाललेली. स्थळ नगरचंच, तिच्या आत्याने आणलेलं. फॉर्मवर पत्ता माझा घातला होता, मला न विचारता. मी रागावले. मग म्हटलं, बरं, राहू दे.

"ताई, किसी को मत बताना," ती म्हणाली. मराठी तिला समजायची, पण उत्तर हिंदीतच यायचं. "बस प्रभु को बताना. वो किसी को नहीं बताता."

वेडी कुठली, असं म्हणून मी तिच्या नाकाला चुना लावला. आणि शब्द दिला.

दर महिन्याला मी एक प्रार्थना-पत्र लिहायचे. नगरच्या आमच्या चर्चमधल्या मंडळीला एक, आणि झेरॉक्स काढून आणखी तीन-चार ठिकाणी. आमच्यासाठी प्रार्थना करणारी माणसं ती, माझी पहिली शिट्टीसुद्धा त्यांनीच पाठवलेली. त्यांना काहीतरी कळवायला नको? त्या महिन्यात तीनच विषय होते. मैदानावर पाणी साचतं, एकीचा गुडघा दुखतो, नवऱ्याची कावीळ. अर्धं पान कोरं राहिलं. त्या कोऱ्या पानाची मला लाज वाटली. मग मी चौथा विषय लिहिला. संघातल्या एका मुलीसाठी, वडील एअरफोर्समध्ये, मूळचे आपल्याच जिल्ह्यातले, घरी लग्न ठरतंय पण तिने गुपचूप कॉलेजचा फॉर्म भरलाय, तरी मार्ग खुला व्हावा म्हणून प्रार्थना करा. नाव लिहिलं नाही. एवढं केलं म्हणजे मी सांभाळून लिहिलं, अशी माझी समजूत. पत्रात जरा जान आली आणि मला बरं वाटलं.

हे पत्र गुरुवारी महिला मंडळात मोठ्याने वाचतात, हे मला ठाऊक होतं. तिची आत्या त्याच मंडळात बसते, हेही ठाऊक होतं. लिहिताना आठवलं नाही. की आठवूनही लिहिलं? आजही मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

पंधरा दिवसांनी सार्जंट दारात उभे. मी पाट्यासारखी गार पडले. पण ते रागावलेले नव्हतेच. खुर्चीत बसले, चहा घेतला, आणि हळूच म्हणाले, "सिस्टर, तुमचे उपकार झाले. बहिणीचा फोन आला होता. तोंडावर सांगायला तुम्हाला अवघड वाटलं असेल, म्हणून पत्रातून कळवलंत. मी पोरीला तुमचं नाव कळू दिलेलं नाही." कप खाली ठेवत म्हणाले, "आता तिचं खेळणं साखरपुड्यापर्यंतच. उत्तर कुठल्या पत्त्यावर मागवलंय, काही बोलत नाही. तुम्हाला काही बोलली?"

"नाही," मी म्हटलं.

त्याच आठवड्यात नगरहून मंडळाच्या चिटणीसबाईंचं पत्र आलं. चौथ्या विषयासाठी आम्ही सर्व भगिनींनी उपवास केला, असं त्यात होतं. आणि दोन दिवसांनी पोस्टमनने तिचा लिफाफा आणून दिला. मी तो उघडला. दुसऱ्याचं पत्र, पण कात्रीने कडेने नीट कापलं. तिला मुलाखतीला आणि मैदानी चाचणीला बोलावलं होतं.

तो मी शिट्टीच्या डब्यात ठेवला. रोज शिट्टी काढताना दिसायचा. तिला दिला तर ती जाईल, ती गेली तर सार्जंटना पत्ता कळेल, आणि मग मैदान गेलं, मुली गेल्या, सगळं काम गेलं. काम कुणाचं, तर देवाचं. असं मी स्वतःला सांगायचे. गुडघे टेकून 'प्रभू, मार्ग दाखव' म्हणायचे आणि मार्ग डब्यात पडून होता. माझ्यासारखी ढोंगी बाई मी दुसरी पाहिली नाही.

साखरपुड्यासाठी नगरला निघायच्या आदल्या दिवशी ती मैदानावर आली. पंजाबी ड्रेस, पायात चपला. खेळली नाही. मुलींना भेटली आणि मग मला खांबाकडे घेऊन गेली.

"ताई, कुछ आया क्या?"

मुली आमच्याकडे बघत होत्या. पलीकडे फाटकाशी तिचे वडील सायकल धरून उभे होते. त्यांनी मला हात केला.

"नाही गं," मी म्हटलं.

तिने मान हलवली. रडली नाही. खांबावरून एकदा हात फिरवला आणि चक्क मराठीत म्हणाली, जपून, पाठ केल्यासारखं, "मग देवाची इच्छा नसेल, ताई. कुरकुर नाही करायची."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. मुलाखतीला अजून सहा दिवस होते.