टपावरचे पाईप

तार ऑफिसात आली तेव्हा मी एका फायलीवर शेरा लिहीत होतो. शिपायानं विचारलं, "कोण गेलं साहेब?" मी म्हणालो, "थोरले भाऊ." हे दोन शब्द किती सहज तोंडून गेले, याचंच मला पुणे ते नांदुरा प्रवासभर नवल वाटत राहिलं. कारण एकदा हेच दोन शब्द बोलायची वेळ आली होती, आणि मी बोललो नव्हतो...

नामदेवभाऊ माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठे. वडील गेले तेव्हा ते सातवीत होते. शाळा सोडून ते नांदुऱ्याच्या एका कापसाच्या जिनात फिटरच्या हाताखाली लागले. सकाळी मळ्यातल्या वांग्या-मिरचीला पाणी द्यायचं आणि मग जिनात जायचं. मी मात्र शिकलो, कॉलेजात गेलो. भाऊंना मी कधी अरे-तुरे केलं नाही. घरात वडिलांच्या जागी तेच होते. बोलणं कमी, हात सतत कामात. मोडलेली वस्तू दिसली की आधी तिच्याभोवती एक फेरी मारायचे, मग खाली बसायचे.

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. हिवतापाच्या फवारणीच्या कामावर मी नुकताच लागलो होतो. आमच्या तुकडीला जीपमागे ओढायचा एक छोटा ट्रेलर मिळाला होता. पत्र्याची खोलीच ती. आत दोन फळ्यांची झोपायची जागा, स्टोव्ह, औषधाचे डबे. वरवट बकालच्या पुढे जीप जिथं थांबायची, तिथून खेड्यांत सायकलनं जायचं. पण चार सायकली न्यायच्या कशा? आत घातल्या तर माणसं बाहेर. मी भाऊंना म्हणालो, टपाला भोकं पाडून लोखंडी पट्ट्या ठोकून द्या.

भाऊंनी ट्रेलरभोवती फेरी मारली. "भोकं नाही पाडत मी," ते म्हणाले. "पाणी आलं का तुह्याच अंथरुणावर टपकन."

तीन रविवार ते त्या कामाला बसले. जिनातून टाकून दिलेले दोन पाईप आणले. वाकवताना चेपू नयेत म्हणून त्यांत कोरडी रेती ठासून भरली, तोंडं लाकडाच्या गुट्ट्यांनी बंद केली आणि भट्टीवर लाल करून हळूहळू वाकवले. टपाच्या कडेला पाणी वाहायची पन्हळ होती, तिलाच पकडतील असे चार शिकंजे घडवले. पत्रा घासू नये म्हणून खाली जुन्या टायरचे तुकडे. सायकली उलट्या ठेवायच्या, हँडल एका पाईपवर, सीट दुसऱ्यावर, आणि ट्यूबच्या पट्ट्यांनी आवळायच्या. मी दोरी म्हणालो, तर म्हणाले, "दोरी सैल पडते. रबर धरून राह्यते."

काम पुरं झाल्यावर चौथ्या दिवशी आमचे मोठे साहेब दौऱ्यावर आले. पुण्याचे, स्वच्छ बोलणारे, इस्त्रीतले. ते येतील हे भाऊंना ठाऊक नव्हतं. शिकंज्यांचे नट एकदा पाहून घ्यावेत म्हणून ते जिनातून तसेच आले होते. धोतराला ग्रीस, डोक्यावर कापसाचे तंतू, हातात वहिनीनं माझ्यासाठी बांधून दिलेली भाकर. साहेब टपाकडे बघत राहिले. म्हणाले, "फारच सुरेख. कुणी केलं हे?"

"म्या केलं जी," भाऊ म्हणाले.

त्या बोलण्यावर साहेबांच्या सोबतचा एक जण हसला. फार नाही, ओठाच्या कोपऱ्यातून. कॉलेजात माझ्या तोंडून 'मले' निघालं की मुलं अशीच हसायची. साहेबांनी मला विचारलं, "हे कोण?"

मी म्हणालो, "गावातला मिस्त्री आहे, सर. कधीमधी बोलावतो कामाला."

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ते काहीतरी बोलतील. ते साहेबांकडे वळून म्हणाले, "नकाशा या साहेबाइचाच हाय जी. म्या निसते पाईप वाकवले." मग मला म्हणाले, "साहेब, अजून काही काम?"

"नाही," मी म्हणालो. "जा आता तू."

तू... जन्मात पहिल्यांदा. पान्हा खिशात घालून, भाकरीचं फडकं तसंच हातात घेऊन ते चालत गेले. साहेबांनी त्या नकाशाची तारीफ करणारा शेरा माझ्या नावावर लिहिला. पुढं पुण्याची बदली झाली, तीही त्याच साहेबांच्या शब्दानं.

भाऊंनी त्या दिवसाचं नाव कधी काढलं नाही. मी गावी गेलो की पूर्वीसारखंच बोलायचे, तब्येत विचारायचे, निघताना मळ्यातली वांगी पिशवीत भरायचे. पण माझ्या ऑफिसात कधी आले नाहीत. पुण्याला घर केलं तेव्हा मी दोन पत्रं टाकली. त्यांनी मुलाला पाठवलं, जिनात कामाचा जोर आहे म्हणून. त्यांची माफी मागायची राहिली असं मी म्हणणार नाही. राहायला ती निघाली कुठे होती? प्रत्येक खेपेला मी ठरवून यायचो आणि प्रत्येक खेपेला मला असं वाटायचं, की ते विसरले असतील. तेवढ्या वाटण्यावर मी दहा-बारा वर्षं काढली.

तेरवी झाली. पाहुणे पांगले. वहिनी ओसरीवर मेथी निवडत बसली होती. मी तिच्यापुढं बसलो आणि सगळं सांगितलं, त्या 'तू'सकट. तिनं निवडणं थांबवलं नाही.

"मले माहीत हाय, भाऊजी," ती म्हणाली. "त्याइनं त्याच रोजी सांगतलं होतं. मी म्हटलं, जाऊन विचारा त्याले, काऊन असं बोलला म्हणून. तर म्हणे, राहू दे. विचारलं तं त्याले अजून एक डाव खोटं बोला लागन."

काड्या सुपात गोळा करून ती आत गेली. थोड्या वेळानं मीही उठलो आणि भाऊंच्या खोलीत गेलो. खुंटीवर त्यांचा सदरा होता, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, काल काढून ठेवल्यासारख्या. त्या उलगडून सरळ कराव्यात म्हणून मी हात पुढं केला, आणि मग नाही केल्या.