मुठीत राहिलेला तुकडा

माझ्या गाळ्यात दोन स्टुलं आहेत. एक माझं. दुसऱ्यावर मी कानशी ठेवतो, म्हणजे ते रिकामं दिसत नाही.

मुलुंडच्या या गाळ्यात मी हाताने सुऱ्या बनवतो. सहा वर्षांपूर्वीपर्यंत आम्ही दोघे होतो, मी आणि माझा भागीदार, आणि कामाची वाटणी पहिल्या दिवसापासून ठरलेली होती. आग त्याची, मूठ माझी. ट्रकच्या जुन्या स्प्रिंगच्या पाट्यातून पातं कापून आकार दिला की ते तो ताब्यात घ्यायचा. भरदुपारी खिडकीला गोणपाट लावायचा, कारण उजेडात तापलेल्या लोखंडाचा रंग फसवतो. पात्याला लोहचुंबक चिकटेनासा झाला की अजून थोडा दम धरायचा आणि मग एका झटक्यात पातं कोमट तेलात. वर कानस फिरवून बघायचा. ती काचेवरून घसरावी तशी घसरली की खूश.

"आता हे काचच आहे," म्हणायचा. "पडलं तर फुटेल. आता याला शांत करायचं."

मग बेकरीतून आणलेल्या जुन्या ओव्हनमध्ये दोन तास मंद आच. पातं गव्हाच्या काडीच्या रंगावर आलं की माझ्याकडे यायचं.

मला लाकडाचं वेड. बाभूळ जड, पण ओल्या हातात दगा देत नाही. शिसव देखणं, पण जास्त गुळगुळीत केलं की साबणासारखं निसटतं. शिंगाची मूठ हौशी लोक मागतात, पण शिंग दमट हवेत वाकतं, म्हणून मी त्यांना पावसाळ्यानंतर परत या सांगायचो. गिऱ्हाइकाचा हात बघितल्याशिवाय मी मूठ करत नसे. एवढी माझी मिजास.

त्याची मावशी मढला मासे विकायची. तिचा नवरा गेला, त्यानंतर वर्षभरात त्यांची होडी मोडीत निघाली. मावशीने तिच्या फळीचा हातभर तुकडा आमच्याकडे पाठवला. मासे कापायची सुरी हवी, आणि मूठ याचीच.

"हे मुठीचं लाकूड नाही रे," मी म्हटलं. सागवान होतं, पण उन्हामिठाने पार खंगलेलं, बारीक चिरा गेलेलं. "बाभळीची करू."

"तूच सांग तिला. काकांचं तिने चाळीस वर्षांत एकदा ऐकलं नाही, तुझं ऐकेल."

भाच्याच्या बाप्तिस्म्याला तो मढला गेला होता, त्या दिवशी मी मूठ करायला घेतली. ड्रिल लावलं आणि फळी उभी चिरली. दुसरा तुकडा घेतला, तोही गेला. एका मुठीपुरतं लाकूड उरलं. मग मी गावाकडचे लोक कोयत्याला मूठ बसवतात तसं केलं. पात्याची शेपटी, म्हणजे मुठीत जाणारा निमुळता भाग, गॅसच्या बर्नरवर लाल केली आणि लाकडात दाबली. लाकूड आतून जळत गेलं, शेपटीच्या मापाचं भोक पडलं. फळी चिरली नाही. पण उष्णता वर पात्याकडे चढायला लागली. त्याने पात्याला पाजलेलं पाणी, म्हणजे आगीतून आणलेला कडकपणा, उतरेल म्हणून मी घाबरलो, शेपटी बाहेर ओढली आणि लालच्या लाल बादलीत बुडवली.

ते स्प्रिंगचं लोखंड. ते तेलात घालतानाही तो श्वास रोखायचा. मी थंड पाण्यात घातलं.

मला माहीत नव्हतं, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगितलं. माहीत होतं. चुर्र आवाज झाला तेव्हाच माहीत होतं, की शेपटी आता काच झाली. दोन तास ओव्हनमध्ये ठेवली असती तर विषय संपला असता. पण तो संध्याकाळच्या आत येणार होता. ओव्हन कोमट लागला असता, का लावलास म्हणून त्याने विचारलं असतं, आणि मला सांगावं लागलं असतं की मी मावशीचं लाकूड फोडलं आणि वर त्याच्या पात्याला आग लावली. वाटलं, मुठीच्या आतल्या भागावर असा काय जोर येणार. गोंद भरला, मूठ बसवली. इतकी सुंदर मूठ मी त्याआधी केली नव्हती.

तीन आठवड्यांनी सुरमईचं डोकं उडवताना सुरी मुठीपाशी मोडली. जोरात पुढे गेलेला मावशीचा हात त्याच पात्यावर पडला. उजव्या अंगठ्याची शीर कापली गेली. तो अंगठा आता मिटत नाही. मावशीने मासे कापणं सोडलं.

दुसऱ्या दिवशी तो प्लास्टिकच्या पिशवीत दोन्ही तुकडे घेऊन आला.

"पाणी चुकलं माझं," म्हणाला. "ओव्हन लवकर बंद केला असणार."

तुकडे जिथे मोडले होते तिथे त्याने बघितलंही नाही. बघितलं असतं तर त्याला कळलं असतं. मी म्हटलं, "लोखंडच खराब असेल रे." आणि तो हात धुवायला गेला तेव्हा मूठ उचलून खणात टाकली. आठवड्याभरात त्याने यायचं बंद केलं. मी दोन फोन केले. तिसरा केला नाही, कारण त्याने उचलला असता तर काय बोललो असतो?

गेल्या महिन्यात लिंक रोडने बस पकडून गोरेगावला गेलो. तिथे एका स्टुडिओच्या मागच्या शेडमध्ये तो शूटिंगसाठी खोटी हत्यारं बनवतो. रबरी तलवारीला चंदेरी रंग देत बसला होता.

"ये म्हाताऱ्या," म्हणाला. "ही बघ. पोटात खुपस, गुदगुल्या होतील फक्त."

मी मूठ त्याच्यासमोर ठेवली. आधी त्याने लाकूड ओळखलं. मग आत अडकलेला तुकडा उन्हात धरला. चांगलं लोखंड मोडलं तर आत मऊ राखाडी दिसतं. हा साखरेसारखा चमकत होता.

"हे माझं पाणी नाही."

"नाही. माझं."

सगळं सांगितलं. तो ब्रश रॉकेलमध्ये फिरवत राहिला.

"बादलीत?"

"हो."

"ओव्हन बाजूलाच होता यार."

त्याने ब्रश बाहेर काढून फडक्याला पुसला.

"सहा वर्षं मी तिच्या घरी जेवताना ताटातून मान वर काढत नाही. तिला सांगितलंस?"

"आधी तुझ्याकडे आलो."

"का? मी सोपा वाटलो?"

निघताना मी विचारलंच, गाळ्यावर येशील का. त्याने मूठ स्वतःच्या डब्यात ठेवली.

"भट्टी पेटली की माझा हात थरथरतो," तो म्हणाला. "तू सांगितलंस म्हणून उद्यापासून थांबेल असं नाही ना. रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर ती घरी असते. एकटा जा. मी येणार नाही."

रविवारी गेलो. दाराची कडी आतून बराच वेळ वाजत राहिली. मावशी डाव्या हाताने ती काढत होती. तिने मला ओळखलं, "अगोबाई, किती वर्षांनी!" म्हणाली आणि आत वळून सुनेला चहा टाकायला सांगू लागली.

"चहा नको मावशी," मी म्हटलं, आणि पायातल्या चपलाही न काढता सांगायला सुरुवात केली.