शकुवहिनींचा उलटा फेरा

शकुवहिनी सावंत छप्पन्नाव्या वर्षी सायकल शिकायला लागल्या तेव्हा आमच्या दिंडोशीच्या वसाहतीला पहिला धक्का बसला. बसला म्हणजे अक्षरशः बसला, सेक्रेटरी गवईंच्या स्कूटरला. खाली स्कूटर, तिच्यावर सायकल, सायकलवर वहिनी, आणि या सगळ्या ढिगाऱ्याभोवती आनंदाने नाचणारा काजू.

काजू म्हणजे वहिनींचा कुत्रा. त्यांच्या मुलीने, श्रुतिकाने, कणकवलीहून पिशवीत घालून आणलेलं गावठी पिल्लू. पुढे श्रुतिका लग्न होऊन हॉलंडला गेली आणि पिल्लू इथेच वाढलं. देवाने त्याला चार पाय द्यायच्या ऐवजी चार स्प्रिंगा दिल्या असाव्यात. वहिनी त्याला सकाळी फिरवून आणायच्या आणि दमून खुर्चीत बसायच्या. काजूचा मात्र जेमतेम आळस झडलेला असायचा. उरलेला व्यायाम तो सोफ्यावर करायचा. सोफा संपल्यावर भुंकायचा. लिफ्ट हलली, भुंक. कुकरची शिट्टी झाली, भुंक. कोणी काहीच केलं नाही, तर त्याबद्दल भुंक.

सेक्रेटरी चंद्रप्रकाश गवई मूळचे अकोल्याकडचे, अगदी सज्जन माणूस. पण त्यांचं घर सावंतांच्या बरोबर खाली आणि नोकरी रात्रपाळीची.

"वहिनी, मी दिवसा झोपू की नको, तेवढं सांगा," ते एकदा लाल डोळ्यांनी म्हणाले.

वहिनी खजील झाल्या. म्हणाल्या, "पुढच्या मीटिंगपर्यंत हा गप झाला नाही, तर मी स्वतः त्याला गावी दिराकडे सोडून येईन. माझा शब्द!"

शब्द दिला आणि मग जिन्यात थांबून पदराने डोळे पुसले. कारण घरात वहिनींशी संवाद असा काजूचाच. यजमान सहदेवभाऊंचं तरुणपण गिरणीत साच्यांच्या खडखडाटात गेलं. बोलून काही उपयोग नसतो, हे मत त्यांनी तिथे बनवलं आणि आजतागायत बदललेलं नाही. मुलगी गेल्यावर वहिनींच्या अखंड बडबडीला कान टवकारून दाद देणारा हा एकटाच उरला होता.

तोडगा हॉलंडहून आला. "आई, चालून तो दमणार नाही, तूच दमशील. इथे कुत्र्यांना सायकलबरोबर पळवतात," श्रुतिका फोनवर म्हणाली. येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर तिने एक स्प्रिंगचा दांडा पाठवला. त्याचं एक टोक सायकलला, दुसरं कुत्र्याच्या छातीपट्ट्याला. वर एक व्हिडिओ. त्यात एक गोरी बाई सायकलवर आणि तिच्या उजव्या हाताला एक शहाणा कुत्रा.

सहदेवभाऊंनी व्हिडिओ एकदाच पाहिला. नट-बोल्टवर त्यांचा विश्वास नाही. बोल्ट म्हणजे सुटण्यासाठीच केलेली वस्तू, असं ते मानतात. त्यांनी व्हिडिओतल्याप्रमाणे बरोबर उजवीकडे दांडा धरला आणि ओळखीच्या वर्कशॉपमध्ये नेऊन तो सायकलला वेल्ड करून टाकला. "आता सायकल मोडेल, हा निघणार नाही," ते म्हणाले. त्या आठवड्यातलं त्यांचं हे एकमेव वाक्य.

वहिनी सायकल शिकल्या आणि चमत्कार झाला! काजू पळाला, मनसोक्त पळाला, घरी येऊन पोत्यासारखा पडला. खाली गवई झोपले. दुपारी इमारतीत घोरण्याचे दोन आवाज येऊ लागले, एक वरून, एक खालून.

पण आमच्या वसाहतीची रचना वेगळी. मधोमध बाग, बागेत मारुतीचं देऊळ आणि भोवती गोल रस्ता. या रस्त्यावर सगळे एकाच दिशेने जातात, मारुतीला उजवी घालून. चालणारे, दूधवाला, रिक्षा, सगळे. तशी पाटी कुठे नाही. देवाला डावी घालायची नाही, एवढंच.

वहिनीही तशाच फिरत होत्या. एका सकाळी मागून आलेली रिक्षा काजूच्या शेपटीला घासून गेली, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. हॉलंडला गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, म्हणून तिथे उजवीकडचा कुत्रा फुटपाथच्या कडेला सुरक्षित. आपल्याकडे उजवीकडचा कुत्रा थेट गाडीच्या चाकाशी. दांडा तर निघत नाही. मग वहिनींनी सायकलच उलट दिशेला वळवली. आता काजू फुटपाथला आणि मारुती डावीकडे.

"शकू!" देवळाच्या पायरीवरून किंकाळी आली. जानकीकाकी! मारुतीची दिवाबत्ती वर्षानुवर्षं त्यांच्याकडे. त्यांनी हातातला तेलाचा बुधला उगारला. "देवाक डावी घालून फिरतंस? घराचा वाटोळा करतलंस गो!"

वसाहत हादरली. दोन दिवस दुसरा विषय नव्हता. मीटिंगमध्ये गवई उठून आनंदाने म्हणाले, "भुंकणं बंद झालं, विषय संपला." तोच जानकीकाकी उभ्या राहिल्या.

"भुकण्याचा ऱ्हवांदे. उलटो फेरो बंद होवक व्हयो. नायतर कुत्रो गावाक!"

गवईंचा चेहरा पडला. "काकी, भुंकण्यावर मी बोलेन. प्रदक्षिणेत मला ओढू नका, माझा त्यात अभ्यास नाही."

"पण पाप कुत्र्याला लागतं की सायकलला?" मागून कोणीतरी विचारलं.

"सायकलला. पंक्चर होतं ना!"

हशा झाला, पण माना काकींच्या बाजूने हलल्या. वहिनी पांढऱ्या पडल्या. "काकी, सुलट फिरले तर माझा काजू गाडीखाली जाईल हो."

"काय जायत नाय. देव आसा. फिरान दाखव आमच्यासमोर!"

अख्खी मीटिंग रस्त्याच्या कडेला येऊन उभी राहिली. वहिनींनी पदर खोचला, काजूला जोडलं आणि सुलट दिशेने निघाल्या. अर्धा गोल छान पार पडला. काकींनी आमच्याकडे विजयी नजर टाकली.

आणि मागून गॅस सिलिंडरचा टेम्पो आला.

हॉर्न वाजवत तो उजवीकडून पुढे घुसला. टेम्पो आणि सायकल यांच्यामध्ये वीतभर फट, आणि त्या फटीत काजू! तो भेदरून सायकलला चिकटला, सायकल गरकन वळली, वहिनी झोकांड्या खाऊ लागल्या. आमचे सगळ्यांचे आ वासलेले. ओरडायचं असतं हेसुद्धा कोणाला सुचेना. गुडघ्यांमुळे देवळाची एक पायरी चढायला तीनदा रामनाम घेणाऱ्या जानकीकाकी रस्त्यावर धावल्या. धावल्या! दोन्ही हात वर करून टेम्पोसमोर उभ्या राहिल्या आणि किंचाळल्या, "शकू, उलटी फीर गो! उलटी फीर! देवाचा मी बघतंय!"

टेम्पो करकचून थांबला. वहिनी जमिनीवर, कोपर सोललेलं, दोन्ही हातांची मिठी काजूच्या मानेभोवती. काजू त्यांचा कान चाटत होता. सहदेवभाऊ वाकले, दांडा हलवून पाहिला. "वेल्डिंग टिकलं," म्हणाले. बायकोकडे त्यांनी त्यानंतर पाहिलं; पण पाहिलं, आणि हात धरून उठवलं. आमच्यासाठी तोही धक्काच होता.

गवईंनी घसा खाकरला. "मग काकी, ठराव काय लिहू?"

"ठराव कसलो मेल्या!" काकी धापा टाकत म्हणाल्या आणि देवळात शिरल्या. बराच वेळ आत होत्या. आम्ही बाहेर दहावीच्या निकालाला उभं राहावं तसे उभे. वहिनींनी काजूचा पट्टा मुठीत घट्ट आवळलेला. अखेर काकी बाहेर आल्या.

"इचारलंय. तो काय बोलूक नाय. म्हंजे चलता."

दुसऱ्या दिवशी सकाळी कोपराला पट्टी बांधून वहिनी उलट्या निघाल्या. काजू जीभ बाहेर काढून बाजूला. समोरून दूधवाला येत होता, मारुतीला उजवी घालून, रीतसर. जानकीकाकी ओल्या हाताने, अर्धवट वळलेली वात बोटांत धरून, रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या.

"थांब रे बाबा," त्या दूधवाल्याला म्हणाल्या, "आमचो काजू जाताहा."