पिवळं-पिवळं एक गोत

आमच्या कॉलेजात पीसीआर मशीन आली तेव्हा आधी नारळ फुटला, मग प्लग लागला. प्राचार्यांनी तिला हळद-कुंकू वाहिलं आणि तेव्हापासून दर दसऱ्याला तिची पूजा ठरलेली. मशीनमध्ये बारीक बारीक छिद्रं असतात, त्यात नमुन्यांच्या नळ्या बसवायच्या. दसरा झाला की त्या छिद्रांत अक्षता निघायच्या. मी चिमट्यानं तांदूळ वेचत बसायची आणि मोठ्यानं प्राचार्यांचा उद्धार करायची. पुसदमध्ये तासिका तत्त्वावर बायोटेक्नॉलॉजी शिकवणाऱ्या बाईला एवढं तोंड परवडतं. तिला काढायचं म्हटलं तर आधी कायम करावं लागेल!

वर्गात दाखवायला नमुना लागतो, म्हणून मी दरवर्षी माझंच रक्त वापरायची. रक्तातून डीएनए काढायचा, त्यातला पाहिजे तेवढा तुकडा मशीनमध्ये लाखोंनी वाढवायचा, मग त्यावर कात्रीचं काम करणारं एन्झाइम सोडायचं. निरोगी तुकडा कापला जातो, सिकलसेल ह्या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा कापला जात नाही. नंतर ते तुकडे जेलच्या वडीत पळवून पाहिले की निरोगी माणसाच्या दोन रेषा दिसतात, आजारी माणसाची एकच, आणि ज्याच्यात अर्धं हे अर्धं ते, त्याच्या तीन. माझ्या तीन. पोरं म्हणायची, "मॅडम, तुमचं रक्त लय कामाचं आहे." कामाचं कसलं डोंबलाचं! लग्नाच्या बाजारात त्याला कोणी हुंगत नव्हतं.

सरकारी तपासणीत मला पिवळं कार्ड मिळालं होतं. पिवळं म्हणजे वाहक. मला स्वतःला काही त्रास नाही, पण नवराही पिवळाच निघाला तर दर बाळंतपणाला चारात एक वाटा आजारी लेकराचा. नवरा पांढऱ्या, म्हणजे निरोगी कार्डाचा असला तर मूल आजारी निघायची भीतीच नाही. हे मी पाहुण्यांना पोह्यांसोबत समजावून सांगायची. पाहुणे पोहे खायचे, चहा प्यायचे आणि मुलीचं कार्ड पाहून उठायचे. मुलाचं कार्ड आमच्या बंजारा तांड्यात कधी कोणी मागितलंच नव्हतं. याडी, म्हणजे माझी आई, कपबशा उचलत म्हणायची, "राशनचं पिवळं कार्ड काढाले लोक तहसीलीत नाक घासतेत, अन् तुह्यं फुकटात भेटलं त कोणाले चालत नाही."

मग एक स्थळ आलं. मुलगा वीज कंपनीत लाइनमन. त्याच्या वडिलांनी रिवाजाप्रमाणे माझं कार्ड मागितलं. मी ते दिलं आणि म्हटलं, "आता मुलाचं दाखवा."

"पोराले काहाची तपासणी?" वडील म्हणाले. "माकडासारखा खांबावर चढते तो."

"मग माकडाचीही तपासणी करू," मी म्हटलं.

याडीनं कपाळावर हात मारला. पण मुलगा खो-खो हसला आणि म्हणाला, "करू ना. मले कार्डच नाही. कोणी मांगतलंच नाही कधी." मला तो तिथंच आवडला. लपवायचं काय त्यात.

तो खरंच सरकारी दवाखान्यात गेला. कार्ड निघालं पिवळं. दुसरा असता तर निरोपही न देता गायब झाला असता. हा थेट कॉलेजात आला आणि म्हणाला, "आतमध्ये काय दिसते ते मले दाखवा ना."

मी आमचे दोघांचे नमुने एकत्र लावले. मशीन चालू असताना मध्येच लाइट गेली की सारी मेहनत पाण्यात, आणि आमच्याकडं लाइट जाते म्हणजे जातेच. त्यानं बाहेर जाऊन कोणाला तरी फोन केला. त्या दुपारी आमच्या भागातल्या फीडरचा एक दिवाही लुकलुकला नाही. लोकांच्या नशिबी गुलाब येतात. माझ्या नशिबी दुपारभर अखंड वीज आली, आणि मला त्याचं लय कौतुक वाटलं.

दिव्याखाली जेल ठेवलं. शेजारी शेजारी आमच्या तीन-तीन रेषा, एकाच ओळीत.

"जुळून राह्यलं ना?" तो म्हणाला.

"तेच तर वांधे आहेत," मी म्हटलं. मग सगळं सांगितलं. बाळ पोटात असतानाच, लवकर, ह्याच तंत्रानं तपासता येतं, नागपूरला सोय होते, सोपं नसतं पण कळतं. त्यानं विचार केला आणि म्हणाला, "मंग दोघं मिळून जाऊ." आमचं ठरलं. सोयरीक पक्की करायचा गूळ खायचा तेवढा बाकी होता, आणि गूळ नायकाच्या समोर खायचा असतो.

नायक म्हणजे तांड्याचा कारभारी, वयानं पिकलेला, डोक्यानं तल्लख. दोन्ही घरचे बसले. मी जेलचा फोटो नेला होता, रेषा दाखवून रक्तातली चूक समजावली. नायकानं चष्मा लावून तो उलटासुलटा पाहिला.

"ही चूक तुह्याकडं कुठून आली?"

"बापाकडून. त्याच्याकडं त्याच्या बापाकडून."

"अन् याच्याकडं?"

"तशीच."

"एकच चूक? एकाच जाग्यावर?"

"एकच."

"म्हंजे पार वर कुठीतरी तुमच्या दोघायचा मूळपुरुष एकच होता म्हण."

मी पडली मास्तरीण. खोटं कसं बोलू? "तसं असू शकते," मी म्हटलं.

नायकानं चष्मा काढला. "मंग शास्त्रानं नवं काय सांगतलं, बाई? हे त आपल्यात बापजाद्यापासून आहे. एका गोताचे ते भाऊ-बहीण. पिवळं-पिवळं एक गोत."

मी ओरडली, रडली, नागपूरचं सांगितलं. "भाऊ-बहिणीची तपासणी कायले करतं?" नायक म्हणाला, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मुलगाही बोलला, नाही असं नाही. पण बापानं त्याच्याकडं पाहिलं, आणि खांबावर न घाबरणारा माणूस खाली पाहू लागला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणी माझं लेक्चर शेवटपर्यंत समजून घेतलं होतं, आणि नेमकं तेच माझ्या मुळावर आलं.

आता आजूबाजूच्या तांड्यांतही तोच नेम झाला आहे. सोयरिकीत पोराचंही कार्ड मागतात. पोस्टरं लावून, भाषणं ठोकून मला जे जमलं नव्हतं, ते नायकाच्या एका वाक्यानं झालं. आरोग्य खात्याची बाई येऊन मला म्हणाली, "मॅडम, तुमच्या तांड्यात जागृती फार छान आहे." मी तिला चहा पाजला. दुसरं काय करणार?

राखीला तो आला. त्याच्या आईनंच पाठवला होता, गोत पक्कं करायला. याडीनं ताट तयार ठेवलं होतं. मी राखी बांधली. गाठ दोनदा सुटली. त्यानं ओवाळणी टाकली आणि खिशातून दवाखान्यात काढलेल्या रक्ताची छोटी बाटली काढली.

"पोरगी पाह्यली," तो म्हणाला. "कार्ड पांढरं आहे. पण तुह्या मशीनवर एकडाव पाहून दे ना, ताई."

"कॉलेजची मशीन आहे. दवाखाना नाही."

"माह्यासाठी चालवलती ना."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी नमुना लावला. मशीन घरघरायला लागली आणि मी मनात म्हणू लागली, जाऊ दे बापा लाइट. रोज जाते, आज एकडाव जाऊ दे. पण लाइट कुठून जाते? लाइनमन दाराशीच बसून होता.