वजन भरलं की तारीख

आमच्या वॉर्डात वर्षभर नोकरी केलेल्या माणसाला टीव्ही घ्यायची गरज नाही! एकेक पालक असा भेटतो की बाहेर सांगितलं तर लोक म्हणतात, "काहीतरी फेकू नकोस गं." मी काही फेकत नाहीये.

ऐंशीच्या दशकात मी अंधेरीच्या एका हॉस्पिटलात डाएटिशियन होते. वॉर्ड लहान मुलांच्या हृदयाच्या ऑपरेशनचा. हृदयाला भोक असलेली ही पोरं दूध ओढता ओढताच दमायची. प्यायलेलं अंगी लागायचं नाही, आणि हडकुळ्या पोराला ऑपरेशन झेपायचं नाही. म्हणून डॉक्टर केणींचा एकच नियम, "वजन भरलं की तारीख!" तोवर खाऊपिऊ घालून वजन वाढवायचं काम माझ्या गळ्यात.

*

मुलुंडचे एक गृहस्थ. त्यांच्या मुलीसाठी दुधाच्या पावडरीचा डबा लिहून दिला होता. महिन्यानं आले, तर पोरगी होती तशीच!

"डबा संपला का?"

"छे हो मॅडम! कपाटात जपून ठेवलाय. ऑपरेशननंतर ताकद लागेल ना!"

मी हबकलेच.

*

घाटकोपरच्या एका बाईंच्या मुलाचं वजन वाढलं. मी आनंदानं ते सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं सांगितलं. बाईंचा चेहराच उतरला. थोड्या वेळानं बघते तर काय, मुलावरून मीठ-मोहरी ओवाळून बाई वाटीत कापूर पेटवताहेत. आणि शेजारी ऑक्सिजनचं सिलिंडर!

सिस्टर डिमेलो किंचाळली, "अहो, दृष्ट निघेल, पण वॉर्डासकट!"

तेव्हापासून सिस्टर प्रत्येक बाळाचं वजन आईच्या कानात सांगायची.

*

बोरिवलीच्या एक बाई पेढेच घेऊन आल्या. "मॅडम, आमच्या बाळानं बाळसं धरलं!" खरंच, गाल वर आलेले, पाय गुबगुबीत. मी पेढा तोंडात टाकला.

केणींनी बाळाच्या पायावर अंगठा दाबला. खड्डा पडला, तो भरेचना.

"हे बाळसं नाही, सूज आहे. हृदय थकलंय, अंगात पाणी साचतंय."

बाळाला तिथूनच दाखल केलं. वाचलं ते. पण तोंडातला तो पेढा मला गिळवेना.

*

आता मनोरीची हिराबाई कोळीण. तिची पोर ऑपरेशन होऊन ठणठणीत झाली, हे आधीच सांगते, नाहीतर तुम्ही माझ्यावरच चिडाल.

पोरीचं वजन काही केल्या हलत नव्हतं. दर खेपेला हिराबाई मर्वेच्या जेट्टीवरून होडीनं परत जायची, तारखेशिवाय. आणि एका सकाळी काटा सरसर पुढे गेला! पोरीला ताप होता, म्हणून सिस्टरनं कुंचीसकटच तोललं होतं. केणी खूश. "शाब्बास! देऊ या तारीख!"

तपासायला त्यांनी कुंची काढून टेबलावर टाकली. ठण्ण!

कुंचीच्या काठात जाळ्याच्या शिशाच्या गोळ्या ओळीनं शिवलेल्या! भुलीचं औषध वजनावर ठरायचं हो!

केणी कडाडले, "फसवता आम्हाला? पोर दगावली असती!"

हिराबाईनं पोरीला छातीशी धरलं.

"फसवते कशाला, डॉक्टर? वजन वाढवून आण, तुम्हीच बोललात ना? हिच्या अंगाला लागत नाय, म्हणून कुंचीला लावलं!"