बोलायचं असेल तर पाय उचला

माझी आत्या बोलायला लागली की तिच्या तोंडाचा पट्टा थांबायचा नाही. तिच्या शेजारी जेवायला बसलं की जेवण गार झालंच म्हणून समजा. अशी ही बाई एका मोठ्या हॉस्पिटलात एक्स-रे टेक्निशियन होती, आणि तिच्या खोलीत तिनंच घातलेला नियम होता: बोलायचं असेल तर पाय उचला.

पाय म्हणजे डॉक्टरांचा. मनगटातून किंवा जांघेतून बारीक नळी घालून आतल्या रक्तवाहिन्यांवर काम चालतं, त्या खोलीत टेबलाखाली एक पेडल असतं. ते दाबलं की किरण सुरू होतात आणि पडद्यावर चित्र हलायला लागतं. सोडलं की शेवटचं चित्र तसंच थांबून राहतं. डॉक्टर मंडळी गप्पांत रंगली, की पाय आपला पेडलवरच. गप्पा यांच्या आणि किरण पेशंटच्या पोटात! आत्याचं डोकंच फिरायचं. "साहेब, मॅचचं नंतर सांगा, आधी पाय उचला," असं ती भर कामात म्हणायची. साहेब हसायचे आणि उचलायचे. पुढे तर नव्यानं आलेल्यांना हा नियम साहेबच बजावून सांगायला लागले.

आत्या जाऊन आता बरीच वर्षं झाली. ती खोली मात्र मला जशीच्या तशी आठवते. भिंतीला शिशाचे जड एप्रन टांगलेले, दारावर लाल दिवा. शाळा सुटली की मी बाहेरच्या बाकावर तिची वाट बघत बसायची. दिवा विझला की आतून तिचं खळखळून हसणं ऐकू यायचं. त्या बाकावर पुन्हा एकदा बसायला मिळालं तर मी आज काहीही देईन.

पुढे मी मोठी झाल्यावर, आत्या अजून नोकरीत असतानाच, त्याच खोलीत मी स्वतः टेबलावर आडवी झाले. गर्भाशयात मोठी गाठ होती, रक्तस्रावानं जीव मेटाकुटीला आला होता. दुसरीकडे सगळे म्हणाले, पिशवी काढून टाका. पण मला मूल हवं होतं. साहेब म्हणाले, "गाठीला रक्त नेणाऱ्या नसा बारीक कण सोडून बंद करू. गाठ सुकेल, पिशवी राहील. मूल होईलच असं वचन मी देत नाही. बीजकोश अगदी शेजारी आहेत, त्यांचं रक्त तुटू नये आणि त्यांना किरण कमीत कमी लागावेत, हे जपावं लागतं." त्या दिवशी ड्यूटी दुसऱ्याची होती. आत्यानं ती हट्टानं मागून घेतली. "माझ्या भाचीचं मीच बघणार," म्हणाली.

मला पूर्ण भूल दिली नव्हती, मी जागी होते. आत्यानं टेबल वर घेतलं, चित्र टिपणारी चौकट माझ्या पोटाला जवळजवळ टेकवली आणि किरणांची खिडकी हवी तेवढीच उघडी ठेवली. "चित्र जरा खरबरीत येईल," ती मला म्हणाली, "पण साहेबांना पुरतं. आपल्याला काय भिंतीवर लावायचंय?" मग शेजारणीच्या भांडणाची गोष्ट सुरू झाली. मधेच ती तोडून गप्प व्हायची, पुन्हा बोलायची. ती गप्प झाली की किरण चालू, हे मला लगेच कळलं.

डावी बाजू पटकन झाली. उजवीकडची नस आकसून बसली, नळी आत जाईना. आत्या गप्प झाली ती गप्पच. म्हणजे किरण चालूच होते.

"साहेब," शेवटी ती म्हणाली.

"उचलला," साहेब म्हणाले. "चित्र मोठं करून बघावंसं वाटतंय."

"मोठं केलं की किरणही वाढतील."

"म्हणूनच नको. औषध सोडलंय, नस सैल पडू दे. तोवर काही बघायचं नाही. तुमची ती शेजारीण पुढे काय म्हणाली?"

आत्यानं सांगितलं. मी घाबरलेली असूनही हसले. मग नळी सुळकन आत गेली आणि कामही झालं. शेवटी एक मोठं, देखणं चित्र काढून ठेवायची तिथली पद्धत होती. साहेबांनी आत्याकडे पाहिलं.

"दिसायचं ते दिसलंय," ती म्हणाली.

"मग राहू दे," साहेब म्हणाले.

गाठ सुकायला लागली. पण पाळी येईना. पुढचा महिना गेला, त्याच्या पुढचाही. साहेब म्हणाले, काहीजणींचं असं होतं, वाट बघू. पण बीजकोशांना धक्का बसला असेल तर काही वेळा ती परत येतच नाही, हेही त्यांनी लपवलं नाही. माझा जीव टांगणीला लागला. आणि रोज फोन करून डोकं खाणारी माझी आत्या नेमकी तेव्हाच फोन करेनाशी झाली. मी केला तर उचलायची नाही. गरज होती तेव्हाच पाठ फिरवली, म्हणून मी मनात तिला काय काय बोलले.

एका सकाळी पाळी आली. मी तशीच उठून तिच्या घरी गेले. तिनं दार उघडलं. चेहरा पार उतरलेला होता.

"आत्या, पाळी आली," मी म्हणाले.

ती दारातच, चपलांच्या स्टँडशेजारी, मटकन खाली बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून हुंदके देऊन रडायला लागली.

"मग फोन का नाही उचललास?" मी रागानंच विचारलं.

"कुठल्या तोंडानं उचलू गं? त्या दिवशी मशीनवर दुसरं कोणी असतं, तर त्याला शिव्या तरी घातल्या असत्या."